बाळासोच्या पोरीची पट्टी

आमच्या बाळासोला लोखंडाच्या पोटातलं कळतं. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीमधी बावीस वर्षं झाली त्येला. ओतल्यालं कास्टिंग गार झालं, घासून झालं की त्येच्या म्होरं येतं. साखळीला टांगायचं, बारक्या हातोडीचा एक टोला द्यायचा आणि कान लावायचा. टण्ण करून लांब आवाज गेला तर माल चांगला. बद्द वाजला तर आत चीर हाय. चीर डोळ्याला दिसत न्हाई, हात फिरवून कळत न्हाई. बद्द वाजलं की तांबड्या खडूची फुली, आणि माल परत भट्टीत. एकदा पुण्यातनं साहेब लोक मशीन घिऊन आलते. मशीननं एक चीर हुकवली, बाळासोनं न्हाई. ही गोष्ट मी शंभर जणांना सांगितली आसंल. त्येनं एकालाबी सांगितली न्हाई. बोलायचं काम माझ्या वाटणीला आलं, ऐकायचं त्येच्या.

मी थोरला, नऊ वर्षांनी. मला सगळी आण्णा पेंटर म्हणत्यात. आता ह्या फ्लेक्सवाल्यांनी सगळा घाण धंदा केलाय, त्येंच्याबद्दल मी बोलत न्हाई. पण नव्वद सालात शिरोली नाक्यापासनं कागलपतोर जावा, दर दुसऱ्या दुकानावर माझा हात हुता. किराणा, सलून, गॅरेज, शाळा, सोसायटी. माझं शिक्षण सातवी. पण अक्षर म्हणाल तर मराठी सोडा, इंग्रजीबी असं काढायचो की साहेब लोक गाडी थांबवून इचारायचे, पेंटर कुठं शिकलाय? मी म्हणायचो, मुरगूडच्या शाळंत, भिंतीवर. अक्षर काढायचो म्हणतोय मी. वाचायचं म्होरं सांगतो.

बाप गेला तवा बाळासो चौथीत हुता. त्येला मी वाढवला. मुरगूड सोडून आईला आणि त्येला घिऊन मी शिरोलीला आलो. फौंड्रीच्या मालकाचा बोर्ड रंगवून दिला आणि त्येच दिवशी म्हटलं, माझा भाऊ हाय, त्येला घ्या. घेतला. त्येच्यासाठी शिरोळकडची मालन मी बघितली, लग्न मी लावलं. पोरगी झाली, तिचं नाव संघप्रिया मी ठेवलं. बाळासोनं कधी 'आण्णा, असं का?' म्हणून इचारलं न्हाई. मला त्येचा लई अभिमान वाटायचा.

संघप्रिया तिसरीत असताना ते सुरू झालं. सत्त्याण्णव साल, दिवाळीच्या आधी. बोलता बोलता थांबायची. घास तोंडापतोर न्यायची आणि हात तिथंच. डोळं उघडं, पापणी जराशी फडफडत्याली, आणि हाक मारली तरी न्हाई. दहा आकडं मोजंपतोर. मग हात पुन्हा चालू, घास तोंडात, जसं काय झालंच न्हाई.

आमच्या आईला, सोनूबाईला, त्येचं कवतिक. म्हणायची, "बुद्धावाणी ध्यानाला बसती गं माझी बाय."

मालन म्हणायची, "आत्ती, ध्यानाला बसलेलं माणूस दूध सांडत न्हाई."

शाळंतल्या बाईंनी वहीत तांबड्या शाईनं लिवून पाठवलं, लक्ष नसते. मालननं दोनदा पाठीत धपाटा घातला पोरीला. तिसऱ्यांदा हात उचलला आणि तसाच खाली घेतला, म्हणाली, "हिला कळतच न्हाई मी मारतीय ते."

शेजारची धोंडुबाई येऊन सांगून गेली, "वाऱ्याची लागण हाय. हातकणंगल्याकडं एक देवरुशी हाय, अंगारा देतो, तीन आमुशात गुण."

तवा मी भिंतीवर ब्रश मारत हुतो. तसाच खाली उतरलो. म्हटलं, "धोंडाक्का, छप्पन साली माझ्या बापानं घरातलं सगळं देव वेदगंगेत सोडलं. आमच्या उंबऱ्याच्या आत अंगारा येत न्हाई. आमी शिकलेली माणसं हाय. आमी डॉक्टरकडं जाणार."

धोंडुबाई म्हणाली, "जावा की मग, कवा जाणार?" आणि गेली.

जानेवारीत गेलो. गावातल्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली, कोल्हापुरात राजारामपुरीत एका दवाखान्यात मेंदूचं डॉक्टर बेस्तरवारी येत्यात, पण आधी पट्टी काढून घ्या. छातीची काढत्यात तशी डोक्याची पट्टी. डोक्याला दोन दिवस तेल लावू नका म्हणून सांगितलं हुतं. मालननं पोरीचं केस शिकेकाईनं धुतलं. तिचं केस कंबरंपतोर. चौघं केएमटीच्या बसनं गेलो. आत पोरीच्या आईला एकटीलाच सोडत हुते. मी म्हटलं मी थोरला चुलता, आणि गेलो. बाळासो दारात उभा ऱ्हायला.

डोक्याला पांढरं चिकट कायतर लावून एकवीस तारा चिकटवल्या. मी मोजल्या. मशीनवर कागद सरकत हुता आणि बारक्या सुया त्येच्यावर शाईच्या रेघा वडत हुत्या. नव्या पोरानं मारलेल्या रेघा असत्यात तशा, जरा थरथरणाऱ्या. मशीनवरची बाई म्हणाली, "फुंकर मार बाळ. अजून मार. अजून. थांबायचं नाही."

संघप्रिया फुंकर मारत हुती. मारता मारता थांबली. तोंड तसंच चंबूवाणी. आणि सगळ्या सुया एकदम उड्या मारायला लागल्या, वर-खाली, वर-खाली, सगळ्या मिळून एका चालीत. मशीन खडखडलं. मग पोरगीनं पुन्हा फुंकर मारली आणि सुया गप झाल्या. बाईनं कागदावर पेननं टिक केली.

परत येताना बसमधी बाळासो म्हणला, "आण्णा, मधी मशीनचा आवाज बदलला."

"मशीनचा आवाज बदलतोच की. तुझ्या फौंड्रीत बदलत न्हाई व्हय?"

"बदलतो," म्हणला. "पण तवा कायतर झालेलं असतं."

मी म्हटलं, "गप बस. रिपोर्ट ईल."

रिपोर्ट सोमवारी मिळाला. काउंटरवरच्या माणसानं लांब लखोटा दिला आणि म्हणला, बेस्तरवारी डॉक्टरांना दाखवा. मी आणि बाळासो बाहेर चहाच्या गाड्यावर बसलो. दोन कट सांगितले. लखोटा बाळासोच्या हातात हुता. त्येनं माझ्याकडं दिला.

"वाच की आण्णा," म्हणला. "ओके म्हणून लिवलंय का बघ."

फौंड्रीत त्येला दोनच इंग्रजी शब्द लागायचे, ओके आणि रिजेक्ट. ओके त्येला वाचाय यायचं.

मी कागद उघडला. टाइप केलेला, इंग्रजी, पंधरा-वीस ओळी. माझ्या डोळ्याला सगळी अक्षरं ओळखीची, एकेक अक्षर मी हजार येळा काढलेलं. शब्द मात्र वळखीचा एकबी दिसंना. मग दिसला. एस, एच, ए, आर, पी. शार्प. हा शब्द मी फुटाफुटाच्या अक्षरात रंगवलाता, पिवळ्यावर निळा, सावली टाकून. अनेकांत सरांच्या शिकवणीचा बोर्ड, शार्प क्लासेस. तवा सरांनीच सांगितलंतं, शार्प म्हंजे हुशार, पेंटर. आणि इथं ह्या कागदावर शार्प, एकदा न्हाई, चार ठिकाणी.

मी म्हटलं, "बाळ्या, पोरगी शार्प हाय."

"आँ?"

"शार्प लिवलंय. चार येळा लिवलंय. हे बघ. हे बघ. हे. डोकं लई पळतंय तिचं, म्हणून मधनं मधनं थांबतंय. इंजिन गरम झालं की थांबवाय लागतं का न्हाई?"

"आणि ओके?"

मी खाली बघितलं. शेवटच्या ओळीला सुरवातीलाच लिवलंतं, नॉर्मल. हाबी शब्द मला येत हुता.

"नॉर्मल लिवलंय. नॉर्मल म्हंजेच ओके."

बाळासो माझ्या तोंडाकडं बघत हुता. लहानपणी मी बाजारातनं आलो की पिशवीकडं बघायचा, तसा. त्येचा चहा गार झालता. मग त्येनं तो एका घोटात पिला आणि हसला. बाळासो हसला की दात दिसत न्हाईत, नुसतं डोळं बारीक हुत्यात. त्या दिवशी दात दिसलं.

तिथनंच पेढं घेतलं. वस्तीत वाटलं. मी दारादारात सांगत गेलो, मेंदूची पट्टी काढली, शार्प निघाली. धोंडुबाईला दोन पेढं जास्त दिलं. फौंड्रीत बाळासोनंबी वाटलं, आणि ज्येनं कधी स्वतःबद्दल चार शब्द सांगितलं न्हाईत त्येनं भट्टीवाल्याला सांगितलं म्हणं, माझ्या पोरीचं डोकं मशीननं तपासलंय.

मालननं पेढा घेतला न्हाई. म्हणाली, "आण्णा, शार्प हाय तर मग सकाळी कपबशी हातातनं का पडली?"

"कळंल हळूहळू."

"बेस्तरवारी डॉक्टरकडं न्यायची न्हवं?"

"चांगल्या माणसानं डॉक्टरकडं जाऊन काय करायचं? जागा अडवायची?"

ती म्हणाली, "मग अनेकांत सरांना तरी दाखवा की कागद. ते शिकलेलं हायत. वाचून सांगतील."

मला राग आला. म्हटलं, "ज्येचा बोर्ड मी रंगवला त्येच्याकडं वाचाय घिऊन जाऊ? मला वाचाय येत न्हाई व्हय?"

बाळासो म्हणला, "मालन, आण्णानं वाचलंय." झालं. कागद ट्रंकंत गेला.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. पोरगी थांबत हुती. दिवसातनं धा येळा, मग पंधरा येळा. आमी म्हणत हुतो, शार्प हाय.

एप्रिलात जयंती आली. आमच्या विहारासमोर दरवर्षी स्टेज असतं, पिंपांवर फळ्या टाकून. मागचा पडदा माझा, दरवर्षी नवा रंगवतो, पैसं घेत न्हाई. त्या वर्षी मी कमिटीला सांगितलं, पहिलं भाषण माझ्या पुतणीचं. नऊ वर्षाचं लेकरू भाषण करणार. भाषण मी लिवलं, पाठ मी करून घेतलं. मालननं पांढरा फ्रॉक शिवला आणि दोन येण्यांना निळ्या रिबिनी बांधल्या. संध्याकाळचं सहा वाजलंतं, ऊन हुतं अजून.

पोरगी माईकसमोर उभी ऱ्हायली. माईक तिच्यापेक्षा उंच, वाकवून दिला. खणखणीत सुरू केलं.

"अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजन वर्ग आणि इथं जमलेल्या माझ्या बंधू..."

थांबली.

मी पहिल्या रांगेत. हळू म्हटलं, "भगिनींनो." न्हाई. जरा मोठ्यानं म्हटलं. न्हाई. मागनं कोणतर वरडलं, "इसरली इसरली!" पोरं हसली. एक म्हणला, "पेंटर, चावी द्या की तिला!" मग मी उभा ऱ्हायलो आणि वरडलो, "भगिनींनो! भगिनींनो म्हण!" आणि टाळ्या वाजवाय लागलो, म्हंजे लोक वाजवतील. लोकांनी वाजवल्या. सगळा मांडव टाळ्या वाजवत हुता आणि ती वर तोंड उघडं टाकून उभी. भोंग्यातनं नुसता तिचा श्वास येत हुता.

बायकांच्या बाजूनं मालन उठून पळत हुती. ती पोचायच्या आत पोरीचं अंग ताठ झालं. दात वाजल्याला आवाज भोंग्यातनं आला. मग ती माईकसकट फळीवरनं खाली गेली.

भोंग्यातनं बद्द असा आवाज आला.

बाळासो सगळ्यात मागं, खांबाजवळ उभा हुता. मी मागं वळून बघितलं तवा तो जागचा हलला न्हवता. हात दोन्ही कानांवर हुते. लोक म्हणत्यात मी वरडत हुतो. मला आठवत न्हाई. मला पोरीच्या टाचा आठवत्यात, मातीवर आपटत्याल्या. कुणीतर कांदा आणला. कुणीतर चप्पल आणली हुंगवाय. मालननं चप्पल फेकून दिली आणि पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. कपाळातनं रगत येत हुतं, पांढऱ्या फ्रॉकवर.

कपाळाला सहा टाकं पडलं. मोठ्या डॉक्टरला दाखवल्याबिगर सोडलं न्हाई. त्येंनी सगळं इचारलं. मालननं ट्रंकंतला लखोटा बरोबर घेतलाता. मी तिला घे म्हटलं नव्हतं.

डॉक्टरनी कागद वाचला. तारीख बघितली. पुन्हा बघितली.

"ही पट्टी जानेवारीची आहे. आज एप्रिल. तीन महिने कुठं होतात?"

मी तोंड उघडलं. आयुष्यात माझं तोंड उघडलं आणि त्यातनं कायतर आलं न्हाई असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी आलं न्हाई.

बाळासो म्हणला, "रजा मिळाली न्हाई, साहेब."

"रजा? पोरीपेक्षा रजा महत्त्वाची? गोळी त्याच आठवड्यात सुरू झाली असती तर हे टाके पडले नसते. बाप आहात ना तुम्ही?"

"व्हय," बाळासो म्हणला.

मी तिथंच बसलो हुतो. खुर्चीला लाल रेक्झिन हुतं, एका कोपऱ्यात फाटल्यालं. मी त्येच्याकडं बघत बसलो.

बाळासोनं इचारलं, "साहेब, शार्प म्हंजे चांगलं न्हवं का?"

डॉक्टरनी चष्म्यावरनं बघितलं. "शार्प म्हणजे टोकदार. ह्या लाटा बघा, सुईसारख्या टोकदार उठल्यात. मेंदूच्या पट्टीत ते चांगलं नसतं."

"आणि खाली नॉर्मल लिवलंय ते?"

डॉक्टरनी कागद त्येच्याकडं फिरवला आणि बोट ठेवलं. "नॉर्मल नाही. ॲबनॉर्मल. एकच शब्द आहे, टाइप करताना तुटलाय. अर्धा वरच्या ओळीला राहिलाय, हा बघा."

बाळासोनं बघितलं. वरच्या ओळीच्या टोकाला ए आणि बी, म्होरं बारकी आडवी रेघ. त्येनं त्यावर अंगठा फिरवला, कास्टिंगवर फिरवतो तसा.

"आत चीर हाय का, साहेब?"

"चीर नाही. मेंदूत वीज असते आपल्या सगळ्यांच्याच. हिच्या मेंदूत मधनंच सगळीकडं एकदम ठिणगी पडते. गोळीनं ती दबते. पण एक दिवससुद्धा चुकवायची नाही, आणि मी सांगितल्याशिवाय बंद करायची नाही. वर्षानुवर्षं लागेल कदाचित. कळलं?"

"व्हय," बाळासो म्हणला.

घरी आलो. आई दारात बसली हुती, तिनं इचारलं काय म्हणलं. मालननं गोळ्यांची पुडी डब्यात ठिवली, डबा फळीवर ठिवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, सगळ्यांच्या देखत, आवाज न चढवता:

"देवरुशी परवडला असता. त्येनं निदान 'मला येत न्हाई' म्हणून दुसऱ्याकडं तरी धाडलं असतं."

माझ्या उंबऱ्याच्या आत अंगारा आला नव्हता.

ते दोन महिने कसं गेलं म्हणून इचाराल तर मला सांगता येत न्हाई. कुणी कुणावर वरडलं न्हाई. सकाळी सातला गोळी, संध्याकाळी सातला गोळी. चुलीवर भाकरी हुती, सगळी जेवत हुती. बाळासो कामावर जात हुता, येत हुता. त्येच्याबरोबरचा ज्ञानू म्हणून एक हाय, त्येनं मला नाक्यावर गाठून सांगितलं, "आण्णा, बाळासोनं ह्या महिन्यात दोन फुटकं माल पास केलं. हातोडी मारतोय पण ऐकत न्हाई. साहेबांनी गप घेतलंय, पण बघा तुमी." माझ्या भावानं चीर हुकवली हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतोय.

एका रविवारी सकाळी तो माझ्या शेडमधी आला. मी एका गॅरेजची पाटी करत हुतो. त्येच्या हातात तो लखोटा हुता. उभा ऱ्हायला. मी म्हटलं, बस. बसला न्हाई.

"आण्णा, एक शब्द लिवून दे."

"कुठला?"

त्येनं कागद उघडून अंगठा ठेवला. "हा. पत्र्यावर लिव. मोठ्या अक्षरात."

"काय करायचाय?"

"वळखाय यायला पायजे मला."

मी पत्र्याचा तुकडा घेतला, हातभर. पांढऱ्या रंगाचा हात आधीच मारलेला हुता. ब्रश घेतला. तवा तो म्हणला, "आण्णा."

"काय?"

"चहाच्या गाड्यावर बसलो हुतो तवा वरचं ते ए बी तुला दिसलंतं का?"

बाहेर रस्त्यानं ट्रक चालल्यालं. मी ब्रश डब्याच्या काठाला पुसत हुतो. आमच्या धंद्यात शब्द तोडत न्हाईत. जागा पुरत नसली तर अक्षर बारीक करायचं, पण शब्द तोडायचा न्हाई. हे मी चाळीस पोरांना शिकवलंय. ओळीच्या टोकाला ती बारकी रेघ दिसली की माझा डोळा आपोआप तिथं जातो. त्या दिवशीबी गेलता. हे शब्दाचं अर्धं हाय, उरलेलं खाली हाय, हे मला कळलंतं. म्हंजे नुसतं नॉर्मल न्हाई, हे कळलंतं. पण तू माझ्या तोंडाकडं बघत हुतास.

हे सगळं मी त्येला बोललो न्हाई. एवढंच म्हटलं, "व्हय. दिसलंतं."

बाळासोनं मान हलवली. एकदाच. माल तपासून झाला की हलवतो तशी. मला वाटलं आता बोलंल. वाटलं, हाणंल. हाणलं असतं तर बरं झालं असतं.

तो म्हणला, "एका ओळीत लिव. तोडू नको."

आठ अक्षरं. पत्रा पुरत नव्हता, म्हणून अक्षर बारीक केलं. काळा रंग, सावली टाकली न्हाई. एवढ्या येळा हात चाललाय माझा, पण ती आठ अक्षरं काढाय मला तासभर लागला. बाळासो तासभर तसाच उभा. वाळल्यावर पत्रा उचलला, बोटानं एकेक अक्षर खालनं वर, वरनं खाली गिरवलं, आणि घिऊन गेला. घरात गोळ्यांच्या फळीखाली खिळ्याला ती पाटी टांगली. येणारे-जाणारे इचारायचे हे काय इंग्रजी लिवलंय? मालन सांगायची, औषधाचं हाय.

गोळी चुकली न्हाई. पावसाळ्यात नाक्यावर पाणी आलं तरी न्हाई, आई गेली त्या दिवशी न्हाई. त्या दिवशी बाळासो आईच्या मयतीतनं उठून सात वाजता घरात गेला, पोरीला गोळी दिली, पाणी दिलं, परत येऊन बसला. पोरगीचं थांबणं हळूहळू कमी झालं. दिवसाला दोनदा, मग आठवड्याला, मग आमी मोजायचं सोडलं. फीट पुन्हा आली न्हाई. फौंड्रीत त्येचा कान परत आला, ज्ञानूनं सांगितलं. घरात मात्र तो आधीपेक्षाबी कमी बोलाय लागला. माझ्याशी नीट बोलायचा, आण्णा म्हणायचा, दिवाळीला कपडं आणायचा. पण तेव्हापासनं त्येनं एकबी कागद माझ्याकडं वाचाय आणला न्हाई. पगाराची चिठ्ठी न्हाई, लाइटबिल न्हाई.

दोन हजार चार सालात डॉक्टर म्हणले, सहा वर्षं झाली, फीट न्हाई, पुन्हा पट्टी काढू. नॉर्मल आली तर गोळी हळूहळू कमी करता येईल. संघप्रिया दहावीत गेलती. कपाळावरचा वण केसानं झाकायची. आमी चौघंच गेलो, पहिल्यासारखं. मला बोलवलं नव्हतं, मीच गेलो. आता मशीन टीव्हीसारखं झालंतं, सुया नव्हत्या, शाई नव्हती, आवाज नव्हता. बाळासो दारात उभा ऱ्हायला कान देऊन, पण ऐकाय कायच नव्हतं.

रिपोर्ट दुपारी मिळाला. डॉक्टर चार वाजता भेटणार हुते. पायरीवर थांबलो. काउंटरवरच्या पोरीनं लखोटा माझ्या हातात दिलाता, मी थोरला दिसतो म्हणून. मी तो न उघडता बाळासोकडं दिला.

त्येनं खांद्यावरची कापडी पिशवी उघडली आणि आतनं ती पाटी काढली. हातभर पत्रा, जुन्या पेपरात गुंडाळल्याला. घरनं आणलाता, केएमटीतनं, मांडीवर ठिवून. पाटी पायरीला टेकून उभी केली, कागद तिच्या शेजारी धरला आणि बोट लावून वरनं खाली बघत चालला. पहिली ओळ. दुसरी. तिसरी. संघप्रियाला वाचाय येत हुतं, ती दहावीची पोरगी, तिनं हात म्होरं केलाता. मालननं तिचा हात धरला, म्हणाली, "थांब. तुझ्या बाला बघू दे."

बोट एका ठिकाणी थांबलं. बाळासोनं पाटीकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. एक अक्षर, दुसरं अक्षर. आठबी झाली.

"हाय," म्हणला. "त्योच हाय. एका ओळीत हाय."

मालननं पदर खांद्यावर घेतला. बाळासोनं कागद पोरीकडं दिला आणि पाटी परत पेपरात गुंडाळाय लागला.

संघप्रियानं वाचला, सगळा. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आण्णा, ह्यात शार्पबी हाय की. तीन ठिकाणी हाय. मागच्या वेळी चार होतं न्हवं?"

तिनं माझ्या दंडाला धक्का दिला, हसली. बाळासो पेपर गुंडाळत हुता, त्येचं डोळं बारीक झालं. दात दिसलं न्हाईत.

मालन म्हणाली, "चार वाजाय अजून अर्धा तास हाय. तवर पुढच्या महिन्याच्या गोळ्या घिऊन येऊया. ते दुकान आज लवकर बंद हुतंय."

पाटीची पिशवी बाळासोनं माझ्याकडं दिली. "धर आण्णा," म्हणला, आणि पायरी उतरला.